गौरीची चूळ

जन्म माझा कराचीचा. हे वाक्य मी जिथे जिथे बोलले तिथे समोरच्याचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा बंद झालेला पाहिलाय, म्हणून आता विचारल्याशिवाय मी ते सांगत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आजोबा रत्नागिरीकडचे, बंदराच्या बांधकामावर कारकून म्हणून आगबोटीने गेले आणि तिथलेच झाले, अण्णा म्हणजे माझे वडील तिथेच जन्मले आणि तिथेच बंदराच्या कचेरीत लागले. मराठी लोक होते की आमचे तिकडे, पुष्कळ होते, गणपती बसायचा, हळदीकुंकू व्हायचं, पण अण्णांना वाटायचं पोरीने इंग्रजी शिकावं, म्हणून मला नन्सच्या शाळेत घातलं. शाळेत इंग्रजी, गल्लीत सिंधी आणि घरात अण्णांशी मराठी, तीसुद्धा जेवायला वाढू का, दिवा लावला का, एवढीच, कारण आम्ही दोघंही बोलणारे नव्हतो. आई मी लहान असतानाच गेली. तिला तपासायला आलेले डॉक्टर दारात उभे राहून अण्णांशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि अण्णा खाली बसले, ते मी पाहिलं, आणि मला वाटलं की खरं काय ते फक्त या लोकांना कळतं आणि ते आपल्याला सांगत नाहीत. तेव्हापासून डॉक्टर व्हायचं. मी असं कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची सवयच नव्हती.

मग फाळणी झाली. त्यातलं मी काही सांगणार नाही, ते सांगणारे खूप आहेत. मी इंटर सायन्स झालेली होते, अण्णांनी एक ट्रंक भरली, माझी सर्टिफिकिटं स्वतःच्या बंडीच्या आत शिवून घेतली, आणि आगबोटीने आम्ही मुंबईला आलो आणि तिथून कल्याणच्या पुढे लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी होत्या तिथे आम्हाला टाकलं. एका लांबलचक बराकीत पोती टांगून खोल्या केलेल्या, पलीकडचा खोकला अलीकडे. सगळे सिंधी. आम्ही बोलायला लागलो की ते एकमेकांकडे बघायचे, आणि रेशनच्या रांगेत एक बाई अण्णांना सगळ्यांदेखत म्हणाली, तुम मराठी लोग, ये तो तुम्हारा मुल्क है, इधर हमारी जगह में क्या करता है? आणि कल्याणात भाजी आणायला गेलं की भाजीवाली म्हणायची, निर्वासित आले आणि सगळं महाग झालं. मी म्हटलं, बाई मी मराठी आहे. ती म्हणाली, असशील, पण आलीस पाकिस्तानातूनच ना. काय सांगू तुम्हाला, कुठे उभं राहावं तेच कळायचं नाही.

कल्याणात अण्णांचे थोरले भाऊ होते, माझे काका, रेल्वेच्या कचेरीत. आम्ही कराचीत होतो तेव्हा दर दिवाळीला अण्णा त्यांना डाळिंबांची करंडी आणि सुका मेवा पाठवायचे, आणि काकूची पत्रं यायची, भावोजी यंदा पिस्ते अंमळ कमी होते. ते काका बराकीत आले, पोत्याच्या पडद्यापाशी छत्री टेकून उभे राहिले, आत आले नाहीत, आणि म्हणाले, मालूला आमच्याकडे ठेव, तरणी पोर इथे बरी नाही. मला तेव्हा मुंबईच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती, निर्वासितांसाठी थोड्या जागा ठेवलेल्या होत्या त्यातली. अण्णांना कँपातल्या रेशन दुकानात लिहिण्याचं काम मिळालं, ते बराकीतच राहिले आणि मी काकांकडे गेले. म्हणजे बघा, माझं शिक्षण त्या घराच्या छपरावर उभं होतं. स्टेशन जवळ, दिवा होता, पाट होता, जेवायला होतं. ते गेलं की सगळं गेलं, हे मला ठाऊक होतं, आणि माझ्यापेक्षा काकूला जास्त ठाऊक होतं.

काकू म्हणजे उंच, गोरी, नऊवारीतली, आणि सोवळं असं की बोलायची सोय नाही. पहाटे ओलेत्याने आळीमागच्या बावीवर जायची. बाव म्हणजे आमच्याकडची पायऱ्यांची विहीर, रहाट नाही की कठडा नाही, पायऱ्या उतरायच्या आणि पाण्यात उभं राहून भांडं बुडवायचं. काकू गुडघाभर पाण्यात उभी राहून आपली कळशी आपण भरायची, त्या पाण्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. देवाला ते, स्वयंपाकाला ते, प्यायलाही तेच. मला चुलीपाशी येऊ द्यायची नाही. मडमांच्या शाळेतली, काय काय खाल्लं असेल देव जाणे. मी मराठी वाचताना अडखळायचे, इंग्रजी शाळेमुळे, तर श्रावणात मुद्दाम माझ्या हातात कहाणीचं पुस्तक द्यायची आणि शेजारणींना बोलवायची, या गं, आमची डॉक्टरीण वाचतेय बघा. मला नावाने हाक नाही. कराची. ए कराची, भांडी झाली का. कराची, तुझी गाडी जाईल, आधी धुणं वाळत घाल.

कॉलेजात वेगळं काही नव्हतं. तिथे मुलं मला कराची हलवा म्हणायची, मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून, अरे पाव शेर दे रे. एक मुलगी मला सरळ म्हणाली, इंग्रजीत म्हणाली, की माझ्या भावाची जागा तू खाल्लीस. मी कुणालाच काही म्हणायची नाही, खाली बघून लिहून घ्यायची. लोक म्हणायचे गर्विष्ठ आहे. असेनही. गप्प राहणाऱ्या माणसाला गर्विष्ठ म्हणायची आपल्याकडे रीतच आहे.

तर आम्हाला सार्वजनिक आरोग्य शिकवायला एक सर होते, कोरडे, विद्यार्थ्यांची नावं लक्षात न ठेवणारे. त्यांचं संशोधन नारूवर चाललेलं. तुम्ही नारू पाहिलाय का? नसेल पाहिला तर बरंच आहे. दोऱ्यासारखा लांब किडा असतो, पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून बाहेर येतो. फोड येतो, आग आग होते, माणूस पाय गार पाण्यात घालतो, बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच तो किडा आपली पिल्लं त्या पाण्यात सोडतो. पाण्यात बारीक पिसू असते, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी, ती ती पिल्लं खाते, ती पिसू माणूस पितो, आणि पुन्हा पहिल्यापासून. औषध नाही. काडीवर गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा, तुटू द्यायचा नाही, तुटला की पाय पिकतो. सरांनी वर्गात विचारलं, कल्याणकडून कोण येतं? मी हात वर केला. ते म्हणाले, ठीक, तुम्ही बोलत नाही असं ऐकलंय, चांगलं आहे, मला पाण्याच्या बाटल्या हव्यात, गप्पा नकोत.

मग दर रविवारी मी शहाड, आंबिवली, आजूबाजूची खेडी, तिथल्या पायऱ्यांच्या विहिरींवर जायची, मलमलीच्या फडक्यातून पाणी गाळायचं, फडक्यावर राहिलेलं बाटलीत घालायचं, सोमवारी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली. काकूला सांगितलं होतं की अण्णांना भेटायला जाते. शहाडच्या बाजूला एकदा मी विहिरीवर वाकलेली असताना चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. कोन गो तू? बावीन काय टाकलंस? मी म्हटलं, मी काही टाकलं नाही, पाणी नेत आहे. माझं ते पुस्तकी बोलणं ऐकून त्यांना अजूनच संशय आला. त्यातला एक म्हणाला, ही कँपातली, पाकिस्तानातली, यांनीच विहिरी नासल्या तिकडं. दुसरा म्हणाला, टाकलं नाय तर पी. पी ना आमच्या म्होरं. मला त्या पाण्यात काय आहे ते माहीत होतं हो, मागच्याच आठवड्यात त्याच विहिरीतली पिसू मी पाहिली होती. पळावं तर मागे ते आणि पुढे पाणी. मी पदर दुहेरी केला, ओंजळीवर धरला, त्यातून पाणी गाळलं आणि प्यायले. ते हसायला लागले, बघा, बामनीन, आमचं पानी गाळून पिते. आणि शिव्या देत का होईना, गेले. त्या दिवशी मी येताना एवढंच मनाशी म्हटलं की दुहेरी पदर पुरतो. सरांचं सगळं संशोधन एका बाजूला आणि हे एका बाजूला, दुहेरी पदर पुरतो.

आणि मग एकदा बाटल्या कमी पडल्या, सरांनी मागितल्या होत्या त्यापेक्षा एक कमी, म्हणून मी आमच्याच आळीच्या बावीचं पाणी गाळून नेलं. नुसतीच भरती म्हणून. कल्याणच्या आळीत नारू असेल असं कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं, नारू खेड्यातल्या लोकांना होतो, कुळांना होतो, आमच्यात होत नाही, असं सगळे म्हणायचे. तर सोमवारी त्याच बाटलीत पिसू, आणि पिसूच्या पोटात ते वेटोळं. सरांनी भिंगाला डोळा लावला आणि विचारलं, कुठलं पाणी? मी म्हटलं, सर, आमच्या घरचं. म्हणाले, वा, अभिनंदन.

मी घरी सांगितलं. पहिल्यांदा त्या घरात आपणहून तोंड उघडलं. काका वर्तमानपत्र वाचत होते, काकू वाती वळत होती, वहिनी म्हणजे चुलतभावाची बायको, तिला सातवा लागलेला, ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, बावीच्या पाण्यात नारूचा किडा आहे, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेऊया, उकळायलासुद्धा नको, नुसतं गाळलं तरी चालेल. काकूने वात खाली ठेवली. फडक्यातून? माझं सोवळ्याचं पाणी मी फडक्यातून गाळू? कुणाच्या हातचं फडकं, कुठे वाळत घातलेलं, आणि ते माझ्या देवाच्या पाण्याला लावू? मी म्हटलं, सोवळ्याचंच फडकं घ्या. ती म्हणाली, पाणी कसं असावं ते मला तू शिकवणार, सगळं सोडून पळून आलेली? काकांचं वर्तमानपत्र थोडं वर सरकलं, एवढंच. मग काकू अगदी शांतपणे म्हणाली, आणि ती शांत झाली की समजायचं, पुन्हा या घरात किड्याचं नाव काढलंस तर ट्रंक दाराबाहेर, आणि मग कर डॉक्टरी त्या बराकीतून.

त्याच सुमारास काकू लंगडायला लागली होती. काटा गेलाय म्हणायची. पायाला चिंधी बांधलेली असायची, नऊवारीचा काठ मुद्दाम खाली ओढलेला. मी एकदा म्हटलं, काकू, बघू का पाय? तर म्हणाली, माझ्या पायाकडे बघू नकोस, स्वतःच्या पायगुणाकडे बघ. नारू बहुतेक उन्हाळ्यात डोकं काढतो आणि आता तर भाद्रपद होता, म्हणून मीही मनातलं मनात ठेवलं.

आमच्या कुळात गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत की साड्या नाहीत, पाणवठ्यावरून खडे आणायचे, त्याच गौरी. घरातल्या कुमारिकेने आणायचे. तिने पाणवठ्यावर तोंडात पाण्याची चूळ भरायची, खडे ताम्हनात घ्यायचे आणि घरी येईपर्यंत ती चूळ तशीच धरायची, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, मुकी गौर. आणि सोबतच्या सवाष्णीने तांब्या भरून घ्यायचा, त्याचं तीर्थ घरात सगळ्यांना. त्या घरात मुलगी नव्हती. कुळातली कुमारिका मीच. तेव्हा त्या दिवशी काकूने मला मालती म्हणून हाक मारली, स्वतःची जरीची साडी नेसवली, वेणी घातली, म्हणाली, आज नीट वाग हो, कुळाचं काम आहे. वर्षातला तो एक दिवस मी त्या घरातली होते.

बावीवर आळीतल्या सगळ्या बायका. बाव भरलेली, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. पुढे मी, बाजूला वहिनी तांब्या घेऊन, पोट सावरत उतरलेली, आणि काकू घंटा वाजवत आमच्या आधी पाण्यात जाऊन उभी राहिलेली, नेहमीच्या जागी. मी वाकले, ओंजळ भरली, चूळ तोंडात घेतली. घेतली, कारण घ्यायचीच होती, ठरवून आले होते की घ्यायची, गिळायची नाही, घरी गेल्यावर थुंकायची, छप्पर टिकवायचं. मग खडे उचलायला म्हणून खाली पाहिलं तर पाणी स्वच्छ, ऊन सरळ आत आलेलं, आणि काकूचा पाय दिसला. चिंधी सुटून तरंगत होती. घोट्याच्या वर फोड फुटलेला आणि त्यातून पांढरा दोरा लोंबत होता, हलत होता, आणि त्याच्या टोकाशी पाणी दुधासारखं गढूळ होत होतं. थोडंसंच. चमचाभर ताकाएवढं. आणि तिथेच, तिच्या पायाशेजारी, वहिनीने तांब्या बुडवला.

मी चूळ थुंकली. पायरीवर, सगळ्यांसमोर. आणि म्हटलं, काकू, पाय पाण्याबाहेर काढा. नारू आहे तुमच्या पायात.

घंटा थांबली. मग एक म्हणाली, गौर बोलली! दुसरी म्हणाली, थुंकली गं, गौर थुंकली. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू खाली गेल्या, काकूच्या पायाकडे, आणि ज्या जवळ होत्या त्या पायरीवरून वर सरकल्या. काकूने पाहिलं ते. त्या सरकल्या ते. मला वाटतं मी थुंकले त्यापेक्षा तिला ते लागलं. ती पाण्यात तशीच उभी, साडीचा काठ खाली ओढायला गेली तर काठ ओला होऊन पाण्यावर पसरला, पाय झाकेना. म्हणाली, बाटगी. देवाचं तोंड उघडलंस. आमच्या घरात खाऊन आमच्यावर थुंकलीस. अगं हाकललं ना तुला तिकडून, म्हणूनच हाकललं, कुठे राहायची तुझी लायकी नाही. मी उभी. हातात ताम्हन, त्यात खडे, ते कुठे ठेवायचे तेसुद्धा मला कळेना. आणि त्या सगळ्या ओरड्यात वहिनीने, माझ्याकडे न बघता, तांब्या कलता केला आणि पाणी पायरीवर ओतून टाकलं. बस. त्यानंतर ती माझ्याशी आजतागायत एक शब्द बोललेली नाही. पण तिने तो तांब्या ओतला.

ट्रंक संध्याकाळच्या आत दाराबाहेर होती. जरीची साडी आधी सोडवून घेतली. काका टांग्यापर्यंत आले, म्हणाले, माझं काही चालत नाही गं मालू, पण तू एवढं लोकांत बोलायला नको होतंस, घरी सांगायचंस. मी म्हटलं, घरी सांगितलं होतं, तुम्ही वर्तमानपत्र वाचत होता.

बराकीत आले. अण्णांनी काय झालं विचारलं नाही, पोत्याचा पडदा थोडा अलीकडे ओढून माझ्यासाठी जागा केली. शेजारची म्हणाली, क्यों, तुम्हारे मराठी लोगों ने भी निकाल दिया? आणि हसली. बराकीत वाचणं शक्य नव्हतं, म्हणून मी सकाळी लवकर कल्याण स्टेशनच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसायची, तिथली बाई रोज मला ओळखायची आणि रोज पास मागायची, रोज म्हणायची, इथे शाळा नाही भरवायची. एक विषय राहिला, सहा महिने वाया गेले. सरांना मी बावीचं सगळं सांगितलं, घर गेलं हेही सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईंचा पाय बघायला मिळेल का? नंतर त्यांचा निबंध छापून आला, आमच्या आळीची बाव त्यात होती, मी नव्हते.

आणि पाय. काकूने त्याच रागात न्हाव्याला बोलावलं आणि आत्ताच्या आत्ता ओढून काढ म्हणाली. काडीवर रोज थोडा काढायचा तो एकदम ओढला आणि तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. तेव्हा काका पुन्हा बराकीत आले, पुन्हा छत्री टेकून उभे. म्हणाले, सरकारी दवाखान्यात जायला ती ऐकत नाही, तू ये. मी गेले. का गेले ते विचारू नका, चांगुलपणा नव्हता, मला तो पाय बघायचा होता. काकू मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी चीर दिली, पू काढला, सल्फाच्या गोळ्या आणल्या, रोज पट्टी बदलली, रोज कल्याण ते बराक. ती माझ्याशी बोलली नाही. मी उठले की मी बसलेल्या जागेवर पाणी शिंपडायची, माझ्यादेखत. पाय राहिला पण घोट्यात कायमचा आखडला. आळीत अजून सांगतात की मुकी गौर बोलली म्हणून काकूचा पाय गेला.

मग मी पास झाले. अण्णा म्हणाले, थोरल्यांच्या पाया पडून ये. मी म्हटलं, मला जायचं नाही. ते म्हणाले, मालू, आपण सगळं तिकडे ठेवून आलो, रीत तेवढी आणली. म्हणून गेले, पेढे घेऊन. काकांनी पेढा घेतला, डोळे पुसले, आत बघितलं आणि पुन्हा वर्तमानपत्र घेतलं. काकू पाटावर बसलेली, तो पाय पुढे लांब करून, कारण दुमडत नाही. मी वाकले. वाकल्यावर माझी नजर गेलीच, घोट्यावरच्या त्या वणाकडे गेली, चांगला भरून आला होता. काकूने काठ ओढून घेतला आणि म्हणाली, पाया पडायला आलीस की पाय बघायला?

मी म्हटलं, दोन्हीसाठी.

तिने हात उचलला नाही. मीही थांबले नाही. पेढे तिथेच राहिले, खाल्ले की टाकले मला माहीत नाही.

आता मी डोंबिवलीला असते, अण्णा आणि मी, दोन खोल्या. खाली घरमालक राहतात, भाडेपावतीवर जन्मस्थान लिहायचं नसतं हे माझं नशीब. पेशंट येतात, बऱ्याचशा बायका, पैसे द्यायच्या आधी विचारतात, तुमचं मूळ गाव कोणतं हो, आणि मी रत्नागिरी सांगते. एम.डी.साठी नाव घातलंय, विषय नारूच, सरांच्याच हाताखाली, मला दुसरं कोण घेणार. या खेपेला आधीच सांगितलंय त्यांना, निबंधावर माझं नाव पहिलं. ते म्हणाले, तुम्ही बोलायला लागलात वाटतं. आमच्या आळीतल्या बावीला आता कठडा बांधलाय, वर रहाट बसवलाय, पायऱ्या बुजवल्या. कुणी करवून घेतलं ते आळीत प्रत्येकजण वेगळं सांगतो, माझं नाव कुणी घेत नाही, आणि गौरी आता नळावरून आणतात म्हणे, चूळही नळाचीच. वहिनीची मुलगी आता चालण्याबोलण्याएवढी झालीय, पुढेमागे तीच आणील.

रविवारी मी अजून आंबिवलीकडे जाते. तिथे एक म्हातारी आहे, पाय सोडून विहिरीच्या पायरीवर बसलेली असते, मला बघून उठतसुद्धा नाही. मागच्या रविवारी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, बाय, तुज्या हाताला येश येवो, तुजं घर भरो. इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी तिचा हात डोक्यावर राहू दिला, तिने काढेपर्यंत, आणि मग म्हटलं, आजी, आधी पाय पाण्याबाहेर काढा.